आयसीयूतला सुदामो

"आयसीयूत कसले आलेत किस्से गो? तिथे हसण्यासारखं काय असतं?" माझी नणंद मला दरवेळी विचारते. अगदी बरोबर आहे तिचं! हसण्यासारखं काहीच नसतं. म्हणूनच तर साठतात. जीव टांगणीला लागलेला असताना भलत्याच वेळी हसू फुटतं, दाबलं तरी दाबत नाही, आणि मग जन्मभर डोक्यातून जात नाही. ऑफिसातल्या लोकांचे किस्से चहाबरोबर संपतात. आमचे संपत नाहीत, कारण ते घडताना आम्ही धड हसलेलोच नसतो.

तर दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. आमच्या सिंधुदुर्गात 'व्हेंटिलेटर' हा शब्दसुद्धा लोकांना नवा. मी होते तिथे, त्या छोट्या खाजगी हॉस्पिटलात, चार खाटांचं आयसीयू. मशीन एक, डॉक्टर एक, साफसफाईची यशोदामावशी एक आणि सिस्टर मी. दुसऱ्या सिस्टरही होत्या, पण त्या शांत स्वभावाच्या. त्यांना विचाराल तर म्हणतील, काही विशेष घडलं नाही. मी मुळातच तापट. मला एका जागी बसवत नाही, त्यामुळे जिथे काही घडतं तिथे मी असतेच.

डॉक्टर घाटावरचे, पुण्याला शिकलेले, तरुण. त्यांना एकाच गोष्टीची भीती. म्हणायचे, "सिस्टर, माणूस एक आजार घेऊन इथे येतो आणि आपण त्याला दुसरा देतो! घशात नळी, खोकता येत नाही. तोंडातली लाळ, पोटातलं पाणी, आपल्या हातावरचे जंतू, सगळं खाली छातीत उतरतं. न्युमोनिया! मूळ आजार बरा होतो आणि माणूस ह्याने जातो!" हे ते रोज म्हणायचे. सकाळी आल्यावर एकदा आणि जाताना एकदा. त्यांचं ऐकून ऐकून आमचाही जीव थाऱ्यावर नसायचा.

* * *

डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं, तर दारातच बेसिन बसवून घेतलं. वर पाटी, 'हात धुतल्याशिवाय आत प्रवेश नाही.' आणि मला दारावर उभं केलं.

एकदा एक आजोबा आले. त्यांचा भाऊ आत होता. मी म्हटलं, "आजोबा, धुवा." त्यांनी शांतपणे धोतर वर खोचलं. हात धुतले, कोपरापर्यंत. मग एक एक पाय बेसिनमध्ये घालून पाय धुतले! मग चूळ भरली. डोळ्यांना पाणी लावलं. मी बघतच राहिले. आत आले ते थेट व्हेंटिलेटरसमोर. हिरवे दिवे लुकलुकत होते. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि पिशवीत हात घालून मला हळूच विचारलं, "बाय, नारळ खंय ठेवू?"

डॉक्टर तिकडून ओरडले, "नारळ बाहेर!"

यशोदामावशीने मात्र तो आजोबांच्या हातातून अलगद काढून घेतला. "हाडलास तर असांदे. सांजच्या आमटीक बरो पडतलो!"

* * *

मग गजा आला. गजा म्हणजे देवबागचा गजानन, होडीवर जाणारा. अंगणात चटईवर झोपलेला असताना मण्यार चावली. मण्यारीचं असं की चावलेली कळतसुद्धा नाही. सकाळी पापण्या उचलवेनात, गिळता येईना, दुपारपर्यंत श्वास बंद पडायला आला. सापावरचं इंजेक्शन दिलं, घशात नळी घातली आणि मशीनला जोडला.

त्याच्याबरोबर त्याची बायको शेवंती. मालवणच्या बाजारात मासे विकणारी, आवाज खणखणीत. आणि चुलता, आबा. एवढीच दोघं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "हे बघा, विष उतरलं की हा बरा होणार. डोळे उघडत नाहीत, हात हलत नाही, पण तो शुद्धीत आहे. त्याला सगळं ऐकू येतंय. त्यामुळे त्याच्यासमोर रडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी वाडीतला एक जण भेटायला आला. आला तो खाटेपाशी उभा राहून, गजा गेल्यासारखा गळा काढायला लागला, "अरे देवा, माणूस किती बरो होतो!"

शेवंती ताडकन उठली. "होतो? होतो कित्याक? आसा! आणि आयकता हा! तू भायर चल, 'होतो' म्हणजे काय ता तुका दाखयतंय!"

तो जो पळाला, तो चप्पल विसरून गेला.

मग शेवंती दिवसभर गजाशी बोलायची. कुठल्या होडीला सुरमई लागली, कोणाचे बांगडे पडून राहिले, कोण कोणाशी भांडलं. गजा निपचित. मी औषधं भरता भरता ऐकायचे. खरं सांगू? त्या दिवसांत बाजारात न जाता मला माशांचे सगळे भाव कळत होते.

* * *

डॉक्टरांचा दुसरा नियम खाटेचा. मशीनवरच्या माणसाला आडवं झोपवायचं नाही. खाटेचं डोकं वर उचललेलं पाहिजे, म्हणजे पोटातलं पाणी घशाकडे येऊन छातीत जात नाही. खाटेच्या पायथ्याला हँडल असतं, ते फिरवलं की डोकं वर.

आबांना हे मुळीच पटलं नाही. "बसून कोण झोपता? एश्टीत?" असं म्हणून मी पाठ फिरवली की ते मायेनं हँडल फिरवायचे आणि पुतण्याला छान आडवा करायचे. वर चादर पायापर्यंत सारखी करायचे! डॉक्टर आले की वर, आबा आले की खाली. डॉक्टरांनी समजावलं, चित्र काढून दाखवलं. आबा मान डोलवायचे, "समाजला, समाजला." आणि पुन्हा खाली!

शेवटी डॉक्टर यशोदामावशीवर खेकसले, "मावशी, हे हँडल काढून ठेवा! कोणाच्या हाताला लागता कामा नये!"

दुपारी एक्स-रेवाला आला. त्याला खाट थोडी खाली करून हवी होती. हँडल कुठाय? गादीखाली नाही, कपाटात नाही, ऑक्सिजनच्या सिलिंडरमागे नाही. डॉक्टर गुडघ्यावर बसून खाटेखाली शोधतायत, एक्स-रेवाला घड्याळ बघतोय, माझा पारा चढलेला. मावशी जेवायला घरी गेलेली.

आली सावकाश. पदर बाजूला केला आणि कमरेला खोचलेलं लोखंडी हँडल काढलं. ते घेऊन ती वाडीत जाऊन, जेवून, भांडी घासून आली होती!

डॉक्टर म्हणाले, "मावशी, घरी नेलंत?"

"तुमीच सांगल्यात मा, कोणाच्या हाताक लागता नये म्हणान?"

"अहो, पण मला तरी सांगून जायचं!"

"कोणाच्याच म्हणजे तुमच्याय!" मावशी म्हणाली आणि हँडल माझ्या हातात दिलं.

* * *

हा अगदी छोटा. तिसरा नियम तोंडाचा. घशात नळी असली की तोंडात घाण साठते आणि तीच खाली उतरते. म्हणून आम्ही औषधाच्या पाण्याने पेशंटचं तोंड पुसायचो, दात घासायचो. गजाचे दात मी पाळीला दोनदोनदा घासत होते. एका एका दाताला न्याय देत होते म्हणा ना!

शेवंती बाजूला उभी राहून बघत होती. मग सुस्कारा टाकून म्हणाली, "सिस्टरबाय, आमच्या घोवान उभ्या जल्मात इतके दात घासूक नाय. जागो झालो की तुमका खूप गाळी घालतलो बघा!"

* * *

पुढचा किस्सा हसायचा नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गजाची बोटं हलायला लागली होती. पापणी किंचित उचलायची. विष उतरत होतं. आम्ही खूष. आणि एका सकाळी अंग तापलेलं. नळीतून ओढलेला कफ हिरवट. एक्स-रेत उजव्या बाजूला पांढरा डाग. डॉक्टर ती फिल्म खिडकीशी धरून उभे राहिले, ती खाली ठेवेचनात. मी विचारलं, "तेच ना?" त्यांनी कफ घ्यायची बाटली मागितली. म्हणजे तेच.

शेवंतीला बाहेर बोलावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, ह्येंका हाडलव तेवा ताप होतो?"

"नव्हता."

"मगे ह्यो खंयचो?"

डॉक्टरांना काहीही सांगता आलं असतं. विषामुळे, अशक्तपणामुळे, हवेमुळे. कोण विचारणार होतं? पण ते म्हणाले, "इथला. हॉस्पिटलातला. मशीनवरच्या माणसाला होतो. कितीही जपलं तरी होतो कधी कधी."

शेवंतीने पदर घट्ट ओढून घेतला. "साप आमच्या घरात चावलो, ता आमचा नशीब म्हटला. ह्यो ताप तुमच्या घरात लागलो. ह्या कोणाचा नशीब?"

मला तर जमिनीत जावंसं वाटलं. मग तीच म्हणाली, पण आता आवाज खाली, "माका भांडूचा नाय, डॉक्टर. भांडूक माका बाजार आसा. माका माझो माणूस परत होयो."

"मलाही," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी मला एक घास गेला नाही. चहा तीन वेळा आणला, तिन्ही वेळा थंड झाला. मावशीने लादी पुसली, ती वाळली, पुन्हा पुसली. शेवंती दाराच्या काचेला कपाळ लावून उभी. मी सारखी जाऊन गजाच्या अंगाला हात लावून बघायची, जसं काही मी हात लावल्याने ताप उतरणार होता! ह्या माणसाला साप मारू शकला नव्हता, आणि आता आमच्याच खोलीत, आमच्याच डोळ्यांदेखत तो जातो की काय, ह्या विचाराने पाय ठरत नव्हते.

* * *

कुठला जंतू आहे ते कळल्याशिवाय नेमकं औषध देता येत नाही. त्यासाठी कफ तपासायला पाठवायचा. आमच्याकडे तेव्हा ती सोय नव्हती. दोडामार्गचा एक ओळखीचा माणूस रोज गोव्याला कामाला जायचा, त्याच्या हाती बाटली दिली. डॉक्टर आबांना म्हणाले, "कल्चर गोव्याला पाठवलंय. रिपोर्ट आला की बघू."

दोन-तीन दिवस आम्ही सगळे फोनभोवती. आबा तर फोनकडे टक लावून बसायचे. फोन वाजला. मी घेतला, ऐकलं आणि आत ओरडून सांगितलं, "डॉक्टर, कल्चर पॉझिटिव्ह!"

बस्स! मागे बघते तर आबा गायब. थोड्या वेळाने आले ते खाज्याचा पुडा घेऊन! गुळाचं खाजं, आल्याच्या वासाचं. वॉचमनला दिलं, एक्स-रेवाल्याला दिलं, मावशीला दिलं, आणि डॉक्टरांच्या हातात कोंबलं. "खावा, डॉक्टर! पॉझिटिव इला!"

डॉक्टर हातात खाजं घेऊन उभे. "आबा... पॉझिटिव्ह म्हणजे वाईट. जंतू सापडला."

"वायट?" आबा गोंधळले. "मगे निगेटिव म्हणजे बरा?"

"हो."

"उलटाच शास्त्र तुमचा!" आबांनी पुड्याकडे बघितलं. मग जरा सावरून म्हणाले, "बरा, सापडलो तर सापडलो. नाव काय तेचा?"

"स्यूडोमोनास."

"सुदामो?"

"स्यू-डो-मो-नास."

"ताच म्हणतंय, सुदामो!" आबा विचारात पडले. "आमच्या वाडीत एकच सुदामो. पण तो मुंबयक असता, डॉक्टर. तो हय कसो येतलो? आता गजाशी तेचा पटणा नाय, ह्या खरा!"

मी तोंडात पदर कोंबून... नाही, पदर कुठला, गणवेश होता, मी तोंडात हातरुमाल कोंबून औषधाच्या खोलीत पळाले. तिथे मावशी आधीच भिंतीला टेकून हसत होती. हसता हसता मला रडूच आलं. किती दिवसांचं साठलेलं होतं कोण जाणे!

त्या दिवसापासून त्या जंतूचं नाव सुदामो पडलं ते पडलंच. नेमकं इंजेक्शन मागवलं. शेवंती रोज सकाळी हात धुऊन दारात उभी राहायची आणि विचारायची, "आज सुदामो काय म्हणता?" आणि एकदा तर राउंड घेताना डॉक्टर स्वतःच मला म्हणाले, "सिस्टर, सुदाम्याचं दुपारचं इंजेक्शन गेलं का?"

* * *

आणि आता हा शेवटचा. हा मी कोणालाही सांगते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

ताप उतरला. एक्स-रेतला डाग विरळ झाला. गजाने डोळे उघडले, शेवंतीचा हात धरला. मशीन आता नावालाच होतं. राहिली फक्त घशातली नळी. आणि तीच काढता येईना!

कारण खोकला. डॉक्टर म्हणाले, "नळी काढल्यावर छातीतला कफ त्याने स्वतः खोकून बाहेर टाकायला हवा. एवढ्या दिवसांत सगळे स्नायू ढिले पडलेत. खोकला फुसका आहे. काढली आणि कफ अडकला, तर पुन्हा नळी, पुन्हा न्युमोनिया, आणि तो ह्याला झेपायचा नाही. नाही काढली तरी नळी जितकी राहील तितका धोका. आज जमलं तर जमलं. नाहीतर उद्या गळ्याला भोक पाडायला कोल्हापूर."

कोल्हापूर म्हणजे फोंडाघाट चढून! मशीनवरचा माणूस, ती वळणं, आणि आमची ती ॲम्ब्युलन्स! शेवंतीचा चेहरा पांढरा पडला.

मग सकाळपासून एकच धंदा. डॉक्टर म्हणतायत, "गजानन, खोका! जोरात!" मी ओरडतेय, "खोका!" गजा आपला डोळे मोठे करून प्रयत्न करतोय आणि छाती जेमतेम हलतेय. शेवंती दारातून, "अहो, खोका मा! घरात खोकत होतात तेवा आख्खी वाडी उठा होती! आता काय झाला?" गजाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण खोकला काही येईना. कफ ओढायची सक्शनची नळी घालून बघितली, तरी फुसका. डॉक्टर हातमोजे काढायचे, येरझाऱ्या घालायचे, पुन्हा नवे घालायचे. दुपार झाली. त्यांनी ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन लावायला सांगितला.

तेवढ्यात लोडशेडिंग. मशीन बॅटरीवर गेलं, पण एसी बंद. आत उकडायला लागलं म्हणून मावशीने खिडकी उघडली. बाहेर फणसाखाली टेम्पो भरून वाडीतली माणसं आली होती. आत एकालाच सोडतात हे त्यांना ठाऊक होतं. ती सगळी आबांभोवती उभी होती. आणि आबांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाशी उघड बोलणी. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. पाळण्यातलं पोरसुद्धा हे ऐकतच वाढतं. आबांचा आवाज समुद्रावरचा, ह्या होडीतून त्या होडीत हाक मारणारा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि आत मशीन कोकललं, टीं टीं टीं!

मी धावले. गजाचा चेहरा लाल, नळी थरथरतेय. खोकला! डॉक्टर म्हणाले, "सक्शन केलंत?"

"मी हातसुद्धा लावला नाही!"

"ह्या तुझ्या लेकराक सापान चावल्यान, ता विष तू उतरयलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टीं टीं टीं! ह्या वेळी आणखी जोरात. कफ नळीत वर आला. डॉक्टर गजाकडे बघतायत, मी डॉक्टरांकडे बघतेय. बाहेर एकदम शांत झालं. आबांनी वाक्य संपवून दम घेतला होता. आत गजाही शांत.

डॉक्टर खिडकीशी धावले, डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "ओ आबा!"

शेवंतीला वाटलं, गजा गेला. आबांचे जोडलेले हात तसेच.

"थांबलात का? चालू ठेवा! मोठ्याने!" डॉक्टर मागे वळले. "सिस्टर, नळी काढायची तयारी!"

आबा एक क्षण बघत राहिले आणि मग सुटलेच. "सापाक तेच्या बिळात रवांदे रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! टीं टीं! "ह्या सुदाम्याक तेच्या वाटेन धाड रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! टीं टीं टीं! मी कफ ओढतेय, मावशी खाटेचं डोकं आणखी वर करतेय, डॉक्टर गालावरची पट्टी सोडवतायत. "शेवंतीचा कुकू राख रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा!

आणि आबा थांबले. डॉक्टरांनी नळी धरलेली. "आता काय झालं?"

खिडकीखालून आबांचा आवाज आला, "डॉक्टर, मागूचा होता ता सगळा मागान झाला!"

"काहीही मागा हो! माझ्यासाठी मागा!"

"तुमचा काय अडला हा?"

मावशी खाटेपाशी उभी होती, तिथूनच खणखणीत ओरडली, "लगीन!"

"हां! बा देवा म्हाराजा! ह्यो आमचो डॉक्टर, घाट उतरान हय इलो आणि आमच्यासाठी खपता हा! तेका एक बरीशी बायल गावांदे रे म्हाराजा!"

बाहेर सगळे खदखदून हसायला लागले. दुजोरा द्यायचं कोणाला भानच राहिलं नाही. तेवढ्यात डॉक्टरांनी एका झटक्यात नळी ओढून काढली.

आणि खाटेवरून, फाटलेल्या, घोगऱ्या, पण चांगल्या दमदार आवाजात आलं,

"व्हय म्हाराजा!"